टाकी भरलेली, मी उपाशी

घराच्या बाजूच्या भिंतीला चिकटून, मागच्या चाकाखाली वीट लावून जी पांढरी गाडी उभी आहे ना, तीच मी. डिझेलवर चालणारी, वयानं जुनी, आवाजानं त्याहून जुनी. जाता-येता लोक माझ्या धुळीवर बोटानं नावं लिहितात. टपावर मांजर झोपतं. माझं काही ऐकून घ्यावं असं कुणाला वाटत नाही. तुम्ही थांबलात, तर सांगते. पण गोड गोष्ट मिळेल या आशेनं थांबू नका.

मी जन्मापासून ओझ्याचीच. लांब पाठ, टपावर लोखंडी कठडा, आणि इंजिन असं की सुरू झालं की शेजारच्या खिडक्यांच्या काचा थरथरतात. पेट्रोलच्या गाड्यांना ठिणगी लागते. आम्हाला ठिणगीचं कौतुक नाही. हवा दाबून तापवायची आणि तिच्यात डिझेलचा बारीक फवारा सोडायचा, की झालं. डिझेल आत पोचलं तर आम्ही दिवसभर राबणार. नाही पोचलं तर कितीही किल्ली फिरवा, नुसती घरघर. एवढं माझं साधं शास्त्र. पुढं ज्याच्यावर आळ आला त्याला ते ठाऊक होतं, आणि ज्यानं आळ घेतला त्यालाही.

पहिला मालक बेकरीवाला. त्याच्याकडं मी पहाटे गरम पाव वाहिले आणि दुपारी पिठाची पोती. त्यानं नवी गाडी घेतली आणि मी दोन भावांच्या दारात आले.

थोरला प्लंबर. नवीन इमारत उभी राहिली की पाण्याच्या लाइनीसाठी आधी याला बोलावणं. त्याच्या हातचा सांधा कधी पाझरला नाही, असं लोक म्हणत, आणि तोही ते कुणाला विसरू देत नसे. धाकटा त्याच्या हाताखाली. पाइप चढवायचे, उतरवायचे, सामान आणायचं, आणि मला चालवायचं. मला चालवणं त्याच्या वाट्याला कामाचा भाग म्हणून आलं, पण त्यानं ते जीव लावून केलं. सकाळी किल्ली फिरवली की हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबायचा. घाईत असला तरी थांबायचा. "आधी अंग तापू दे बाईचं," म्हणायचा. आणि दर सुट्टीच्या दिवशी बॉनेट उघडून माझ्या फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करायचा. डिझेलबरोबर येणारं पाणी तिथं तळाशी साचतं. ते वेळेवर काढलं नाही तर पंपाची वाट लागते. तो ते एका जुन्या डब्यात काढून घ्यायचा, पाणी गेलं की स्क्रू घट्ट, आणि डबा नेऊन रिकामा.

माझं वाटोळं त्या डब्यानं केलं. डब्यानं कसलं म्हणा, बघणाऱ्याच्या डोळ्यांनी.

समोरचा हार्डवेअरवाला. दुकानात गिऱ्हाईक नसलं की त्याची नजर रस्त्यावर चरायला सोडलेली. एक दिवस थोरला नळाच्या चकत्या घ्यायला गेला, तेव्हा हा हळूच म्हणाला, "तुमच्या धाकट्यानं जोडधंदा काढलाय वाटतं. डब्यानं डिझेल काढतो गाडीतून. मला काय, दिसलं ते सांगितलं."

थोरल्यानं घरी येऊन एक प्रश्न विचारला असता, "त्या डब्यात काय असतं रे?", तर ही गोष्ट इथंच संपली असती. धाकट्यानं हसत डबा आणून दाखवला असता. पण माणसांचं मला कळत नाही. नळ गळला तर ती पाना घेऊन सांधा न् सांधा तपासतात. भावाबद्दल शंका आली की तपासणं सोडून थेट निकाल.

त्यानं विचारलं नाही. त्यानं माझं टाकीचं झाकण काढलं.

त्या झाकणाला एक बारीक भोक होतं. सुई जेमतेम जाईल एवढं. कारखान्यानं ते उगीच पाडलं नव्हतं. टाकीतून डिझेल जसजसं ओढलं जातं तसतशी तेवढी हवा आत यावी लागते. मी त्या भोकातून श्वास घेत होते. थोरल्यानं ते झाकण कोपऱ्यात फेकलं आणि पाइपलाइनीचं एक पितळी बूच घेऊन माझ्या तोंडाला बेतलं. आत जाड रबरी चकती, वर कडी, कडीला कुलूप. दाबून, ओढून, हलवून पाहिलं. वाराही फिरकणार नाही असं काम. कुलपाची किल्ली त्यानं आपल्या जुडग्यात घातली.

"हे काय रे दादा?" धाकट्यानं विचारलं.

"चोऱ्या वाढल्यात," थोरला म्हणाला.

धाकट्यानं मान डोलावली. त्याला वाटलं, चोर म्हणजे बाहेरचे.

त्यानंतर मी रोज थोडी थोडी गुदमरू लागले. निघताना ठीक असायचे. पण अंतर कापलं जाई तसं टाकीतलं डिझेल कमी होई, त्याची जागा घ्यायला हवा येत नसे, आणि रिकामी झालेली ती पोकळी डिझेलला मागं ओढून धरी. पंप पुढं खेचतोय, टाकी मागं. चढावर माझा जोर जायचा, मग ठसका, मग बंद. टाकी अर्ध्याहून जास्त भरलेली आणि मी उपाशी. तोंडापर्यंत घास यावा आणि कुणी मनगट धरावं, तसं.

धाकटा बॉनेट उघडून फिल्टरवरचा, डिझेल पुढं ढकलणारा हातपंप दाबायचा. एरवी तो दाबला की टुणकन वर येतो. आता तो दाबला की आतच बसायचा. धाकट्याच्या बोटांना ते लगेच जाणवलं. त्यानं थोरल्याला फोन लावला.

"दादा, हातपंप दाबला की वर येत नाही. मागून काहीतरी ओढून धरतंय."

"तूच ओढून धरलंयस. डिझेल आहे का टाकीत?"

"काटा तर आहे म्हणतोय. तू किल्ली घेऊन ये ना जरा. झाकण उघडून बघू."

मग थोरला म्हणाला, "आलास ना मुद्द्यावर! किल्ली पाहिजे होय?"

धाकट्याला कळलंच नाही, आपण काय गुन्हा केला. रोगाच्या नेमक्या नसेवर त्याचं बोट पडलं होतं. आणि तेच बोट त्याच्या भावानं पुरावा म्हणून धरून ठेवलं.

थोरला यायचा तो रागानं लाल होऊन. आला की पहिलं काम, कुलूप काढून टाकीत डोकावणं, डिझेल चोरलं की काय ते पाहायला. झाकण उघडताच मी सुस्स करून हवा ओढायचे. पण रस्त्यावरचे हॉर्न आणि त्याच्या तोंडचा पट्टा, यात माझा श्वास कोण ऐकणार? डिझेल जागच्या जागी असायचं. तो झाकण लावायचा, धाकट्याला पंप मारायला लावायचा, स्वतः सेल मारायचा, आणि पोटात घास पडलेली मी सुरू व्हायचे.

"बघ," तो म्हणायचा, "माझ्या हातात कशी गपगुमान चालते. नाचता येईना आणि अंगण वाकडं!"

मी त्याच्या हातात चालत नव्हते हो. त्यानं झाकण उघडल्यामुळे चालत होते. दोन गोष्टी एकापाठोपाठ घडल्या म्हणून पहिलीनं दुसरी घडवली असं नसतं, हे या माणसांना कोण शिकवणार? आणि शिकवलं तरी रागावलेल्या माणसाला शिकायचं असतं कुठं?

मग आईचा दिवस उजाडला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. एका डोळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. मोठ्या डॉक्टरांची वेळ फार दिवसांनी मिळालेली. आई मागच्या सीटवर बसली, मांडीवर रिपोर्टची पिशवी, आणि वाटेत सारखी म्हणत होती, "हळू चालव हो. पण उशीर नको करू."

पुलाच्या चढावर मी बंद पडले.

धाकट्यानं काही करायचं बाकी ठेवलं नाही. हातपंप मारला. पाइपांचे नट सैल करून पाहिले, फेसाशिवाय काही येईना. मग पान्यानं ते कुलूप तोडायला गेला. पण थोरल्याचं काम ते, तुटतंय कशाला! रिक्षा थांबवायला धावला, तर पुलावर कुणी थांबेना. शेवटी फोन.

थोरला कामावरून कुणाच्या तरी मोटरसायकलवर आला तेव्हा वेळ टळून गेली होती. त्यानं कुलूप काढलं, टाकीत पाहिलं, लावलं. "पंप मार." सेल मारला. मी सुरू झाले. देवाशपथ सांगते, त्या दिवशी सुरू न होण्यासाठी मी जंगजंग पछाडलं. पण यंत्राला हट्ट करता येत नाही.

"आईला घेऊन तरी नाटकं करायची नव्हतीस," थोरला म्हणाला.

"नाटकं? दादा, मी?"

"डबे भरून डिझेल विकतोस, तोंड वर करून बोलतोस. सगळा रस्ता बघतोय. मलाच दिसत नव्हतं."

धाकट्यानं आईकडं पाहिलं. ती काहीतरी म्हणेल असं त्याला वाटलं असावं. आई पिशवीचे बंद आवळत राहिली. तिला त्याचा चेहरा दिसत नव्हता, की पाहायचा नव्हता, मला सांगता येणार नाही. धाकट्यानं माझी किल्ली बॉनेटवर ठेवली, फडक्यानं हात पुसले आणि पूल उतरून गेला. संध्याकाळी त्याची पेटी एक मित्र येऊन घेऊन गेला. ऐकलं की आता कुठं लांब पाण्याचा टँकर चालवतो.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथं तर चोरही नव्हता. नुसती फाशी.

पुढं थोरला मला स्वतः चालवू लागला. आता संशय घ्यायला कुणी उरलं नव्हतं, म्हणून तो कुलूप उघडून पाहीनासा झाला. आणि मी त्याच्या हातातही बंद पडले. एकदा, दोनदा, मग भर बाजारात. शेवटी मला दोरीनं ओढत गॅरेजवर नेलं.

चष्मेवाला मिस्त्री. आधी त्यानंही साप साप म्हणून भुई धोपटली. बॅटरी बदलली, हीटर प्लग बदलले, नवा फिल्टर बसवला. दुखणं म्हशीला आणि औषध पखालीला. थोरला वैतागून म्हणाला, "पंपच गेला असेल. टाका बदलून."

"थांबा मालक. आधी गाडीला विचारू." मिस्त्रीनं डिझेलचा एक कॅन बॉनेटच्या कडेला टांगला आणि त्यातून नळी थेट पंपाला जोडली. टाकी बाजूला, तिची लाइन बाजूला. सेल मारताच मी धडधडत सुरू झाले.

"पंपाला काही झालेलं नाही," मिस्त्री म्हणाला. "गाडी उपाशी आहे. दोष टाकी आणि पंपाच्या मधे."

मग त्यानं टाकीची लाइन परत जोडली, पण मधे एक पारदर्शक नळी घातली. डिझेल आलं, मग मंदावलं. आणि दोघांच्या डोळ्यांदेखत ती नळी हळूहळू चपटी झाली, कुणीतरी दोन बोटांत चिमटावी तशी. मी बंद पडले.

मिस्त्री मागं गेला. पितळी बूच पाहून म्हणाला, "हे कुणी बसवलं? उघडा."

थोरल्यानं कुलूप काढलं. गॅरेजमध्ये त्या वेळी हातोडा चालू नव्हता. सुस्सऽऽ असा लांब आवाज झाला, आणि पुढं ती चपटी नळी फुगून गोल झाली.

मिस्त्रीनं चष्मा वर सारला. "मालक, माझ्या घरच्या टाकीला हवेची नळी तुम्हीच बसवलीत ना? तेव्हा मला म्हणाला होतात, हवा कोंडली की पाणी उतरत नाही."

थोरला बुचाकडं पाहत राहिला. लोकांच्या टाक्यांना आयुष्यभर हवेच्या नळ्या लावणारा माणूस. त्याला काय कमी ठाऊक होतं? ज्ञान होतं, पण त्या दिवशी त्यानं मला झाकण बसवलंच नव्हतं. त्यानं भावाला कुलूप घातलं होतं.

"धाकटा किल्ली मागत होता," तो पुटपुटला.

"मग सांगा त्याला. खूश होईल बिचारा."

"हो." मग बूच फडक्यात गुंडाळत, "कुणी विचारलं तर फिल्टर चोक होता म्हणून सांगा."

मिस्त्रीनं त्याच्याकडं पाहिलं, खांदे उडवले आणि हात धुवायला गेला. परक्याच्या घरात कोण तोंड घालतो!

घरी येऊन थोरला मला बंद करून तसाच सीटवर बसून राहिला. मग खिशातून फोन काढला. मला पलीकडचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता.

"हां, दादा?" घाईघाईनं उचलला होता त्यानं.

"कसा आहेस?"

"बराय. आई?"

"ऑपरेशन झालं. दिसतंय आता चांगलं."

"बरं झालं."

माझ्या स्टिअरिंगवर थोरल्याचा हात होता. बोल, मी म्हणत होते. ‘ते बूच मी बसवलं, चूक माझी होती,’ एवढंच बोल. ये घरी, हेही नको म्हणूस. फक्त तेवढं बोल.

"गाडी दाखवली," थोरला म्हणाला. "फिल्टर होता."

पलीकडं टँकरचं इंजिन बंद झालं.

"मी बदलला होता तो, दादा," धाकटा म्हणाला. "पाऊस सुरू व्हायच्या आधीच." आणि फोन ठेवला.

आता माझ्या टाकीला नवं झाकण आहे, भोकाचं. माझ्यात काही दोष उरलेला नाही. एका सेलमध्ये सुरू होईन. पण थोरला मला चालवत नाही. मला भिंतीला लावून तो भाड्याच्या टेम्पोनं कामाला जातो. परवा आईला डोळे तपासायला जायचं होतं. ती दारात उभी राहून माझ्याकडं पाहत होती, अगदी स्वच्छ नजरेनं.

"ही चालते ना रे आता?"

"चालते."

"मग हिच्यातून का नाही नेत?"

"रिक्षा बोलावलीय, आई."

ती आणखी काही विचारेल असं मला वाटलं. तिनं विचारलं नाही. पदर सावरला आणि रिक्षात बसली. या घरात कुणी काही विचारतच नाही.

मी काही मागत नाही. भंगारवाल्याला द्या, माझी तक्रार नाही. पण तुमच्या दारात एखादी गाडी सुरू होत नसेल, तर चालवणाऱ्याच्या अंगावर जाण्याआधी टाकीचं झाकण एकदा उघडून पाहा. आणि पाण्याचा टँकर चालवणारा, इंजिन तापेपर्यंत निमूट थांबणारा एक माणूस तुम्हाला कुठं भेटला, तर माझं बोलणं त्याला सांगू नका. ते त्याच्या भावानं सांगायचं आहे. नुसतं त्याला विचारा, जेवलास का.