वलय नसलेले ठिपके

मी एक जुना इन्क्युबेटर आहे. मित्रांनो, नाव ऐकून बिचकू नका. आतून उबदार असलेले लोखंडी कपाट म्हणा हवे तर. कारखान्यात माझे पत्रे जोडले, दाराला रबर लावले आणि पोटात थर्मोस्टॅट बसवला. तो माझा कान. ऊब पुरेशी झाली की त्याला कळते आणि तो हीटर बंद करतो. तो ऐकतो म्हणून मी शहाण्यासारखा वागतो.

मला एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत आणले. बशीत रक्त मिसळलेली जेली असायची, तिच्यावर रोग्याच्या जखमेतला पू पसरून बशी माझ्या पोटात ठेवायचे. सकाळपर्यंत जंतूंचे ठिपके उगवत. लोक नाक मुरडायचे. "घाण उबवतो मेला!" असे कुणी म्हटले की फार लागायचे. पण प्रयोगशाळेच्या बाई माझे दार कधी आपटायच्या नाहीत. तेवढ्यावर मी खूश असे.

एकदा एका बसड्रायव्हरच्या पायातला पू आला. मोडलेले हाड जुळावे म्हणून पायात सळई घातली होती आणि तिथली जखम सारखी चिघळत होती. बशीत स्टॅफिलोकॉकस नावाच्या जंतूंचे सोनेरी ठिपके उगवले. प्रत्येकाभोवती स्वच्छ वलय, म्हणजे विष सोडून रक्तपेशी फोडल्याची खूण. औषधे सुरू झाली. काही महिन्यांनी पुन्हा पू आला, तेव्हा वलयवाले जेमतेम होते. बाकी सगळे साधे ठिपके.

आमच्याकडे एक रीत होती. वलयवाला देखणा ठिपका तेवढा तपासणीला उचलायचा. साध्यांना कातडीवरचे किरकोळ जंतू समजून बशीसकट टाकायचे.

हाडांचे डॉक्टर बशी बघून खुलले. "चला, जिंकलो! गोळ्या बंद करून घरी सोडतो त्याला. कंटाळलाय बिचारा."

बाई बशी उजेडात धरून उभ्याच. "थांबा हो जरा. आज हे साधेही तपासते."

त्यांनी एक साधा ठिपका रक्तद्रवाच्या नळीत कालवून माझ्याकडे सोपवला. किरकोळ जंतू असते तर द्रव पातळच राहिला असता. दुपारी बाईंनी नळी तिरकी केली. द्रव हलेना. गोठला होता! म्हणजे हे तेच जंतू होते, फक्त वलय हरवलेले.

"अरे देवा," डॉक्टर म्हणाले. "मी तर त्याला सोडणार होतो."

ड्रायव्हरला चाकाच्या खुर्चीतून खाली प्रयोगशाळेत आणले. बायको खुर्ची ढकलत होती. बाई म्हणाल्या, "हे जंतू एकमेकांना साद घालतात. पुरेसे जमले की विष सोडतात. यांच्या जनुकात बिघाड झालेला दिसतोय. साद ऐकूच येत नाही. म्हणून हल्ला करत नाहीत, नुसते सळईला चिकटून बसतात."

"म्हणजे आमच्या सासूबाईच की!" ड्रायव्हर म्हणाला. "बहिऱ्या झाल्यापासून भांडत नाहीत, पण जागाही सोडत नाहीत."

"माझ्या आईला मध्ये आणू नका हं!" बायको म्हणाली. मग हळूच तिने विचारले, "गोळ्या थांबवल्या असत्या तर?"

"हाड आतून पोखरलं असतं. कदाचित पाय गेला असता."

ड्रायव्हरचा चेहरा उतरला. "काढा ती सळई," तो म्हणाला. नशिबाने हाड जुळले होते. डॉक्टरांनी सळई काढली, जखम धुतली, आणि पाय वाचला. पुढे मोठ्या प्रयोगशाळेत ते जनुक वाचले, तेव्हा त्यात खरोखरच एका अक्षराची चूक सापडली. साधे ठिपके टाकून द्यायची आमची रीत मात्र नळी गोठली त्या दिवशीच मोडली.

काठी टेकत तो आभार मानायला आला. "ह्याच्याच पोटात ना?" म्हणत त्याने माझ्या दारावर हात ठेवला. "गरम आहे की हा!" मला इतका आनंद झाला, काय सांगू!

आता माझाच थर्मोस्टॅट बहिरा झाला आहे. कुठे थांबावे हे मला कळत नाही, म्हणून वायर काढून मला बोळात ठेवले आहे. डोक्यावर रिकामी खोकी आहेत. मित्रांनो, कुणी गप्प बसले म्हणून त्याला किरकोळ समजू नका. टाकण्याआधी एकदा नीट बघा.

ड्रायव्हर अजून पाय दाखवायला येतो. जाताना माझ्या दारावर हात ठेवून विचारतो, "काय बाबा, बरा आहेस ना?" दार आता गार लागते. तरी तो हात लगेच काढत नाही.