माहरुखचा रकाना

हे लिहिणारच नव्हतो. लिहायचं तर आधी माझीच फजिती लिहावी लागते.

आमच्या गल्लीतला मुनव्वर माझ्या उंबऱ्यावर उभा होता. तीन दिवस चपलांचं दुकान बंद ठेवून तो करीमपुऱ्यात दारोदार फिरत होता. जनगणनेवाल्यांनी भाषा विचारली की हिंदको, आपली जुन्या शहराची बोली, सांगायचं, एवढंच बजावायचा. मागच्या खेपेला अर्ध्या गल्लीनं उर्दू सांगितलं होतं, चारचौघांत बरं दिसतं म्हणून.

"पेशावर आपलं, आणि मोजणीत आपणच गायब!" म्हणायचा.

गणनेच्या बाई शाळेत शिकवायच्या. घरी पश्तो बोलणाऱ्या पठाण, पण याच शहरात वाढलेल्या. मांडीवर टॅब्लेट, हातात कहव्याची प्याली.

"मातृभाषा?"

"हिंदको."

"बायकोची?"

"तीही याच गल्लीतली. हिंदको."

मुनव्वर मिशीत हसला.

"मुलीची?"

"हिंदकोच की."

तेवढ्यात माहरुख दप्तर ओढत आली. सहा वर्षांची. बाईंनी तिला जवळ घेतलं नि अस्सल हिंदकोत विचारलं, "काय गं चिमणे, आज कुणाशी भांडून आलीस?"

माहरुखनं माझ्याकडे पाहिलं. उर्दूत म्हणाली, "अब्बू, या आंटी पश्तो बोलतायत का?"

बाई हसल्या नाहीत. तेच जास्त लागलं. शाळेच्या मुलाखतीत अडखळू नये म्हणून आम्ही नवराबायको तिच्याशी पहिल्यापासून उर्दूच बोलतो. आपसात भांडतो मात्र हिंदकोत, दार लावून.

"काय लिहू?" बाईंचं बोट अधांतरी.

"हिंदको लिहा बाई," मुनव्वर दारातून म्हणाला. "बापाची तीच लेकीची."

"मी यांना विचारतेय."

"उर्दू लिहा," मी म्हणालो.

बाई गेल्या. मुनव्वर तिथंच.

"सगळ्या गल्लीत एकच नाव गळालं. तेही तुझ्या घरातलं. शाबास, नवाबसाहेब!"

"खोटं लिहून ती बोलायला लागणार होती का?"

"मग कशानं लागणार?"

आत माहरुख पाणी मागत होती, उर्दूत. मी हिंदकोत सांगितलं, "माठातलं घे." ती नुसती बघत राहिली. परत सांगितलं. तिसऱ्यांदा बोट दाखवून सांगितलं, तेव्हा उठली.

मुनव्वर बघत होता.

"आजपासून हेच," मी त्याला म्हणालो. "ती रडली तरी, बायको ओरडली तरी. पुढच्या गणनेला तिचं उत्तर तीच देईल. मी तोंड उघडणार नाही. जबान देतो."