शहराच्या गाण्यातले जास्तीचे कडवे

मी एक जुना मायक्रोफोन आहे. रेडिओ केंद्राच्या जिन्याखाली एका काचपेटीत माझा मुक्काम असतो. मित्रांनो, तुम्ही सहलीला येता, काचेला नाक लावता आणि मला पाहून "हॅलो, हॅलो" करता. करा बापडे! पूर्वी लोक माझ्यावर फुंकरही मारत. माझ्या पोटात कांद्याच्या पापुद्र्याएवढी पातळ धातूची पट्टी आहे. आवाज आला की ती थरथरते आणि फुंकर बसली की माझा जीव जातो. तुमच्या कानात कुणी असे फुंकले तर तुम्हाला चालेल का?

परवा एक शिक्षिका मुलांना आपल्या शहराच्या गाण्याचा अर्थ सांगत होत्या. तेच गाणे, जे तुम्ही शाळेत, मैदानावर, बसमध्ये घसा फोडून म्हणता. सगळ्या गाण्यात पूल, रस्ते आणि दिव्यांचे गुणगान, आणि शेवटी अचानक हे कडवे येते:

लाख दिव्यांच्या शहरामध्ये
एक खिडकी अंधारी;
दिवा लावण्या येशील का गं?
किल्ली असते शेजारी.

"खिडकी म्हणजे मन, दिवा म्हणजे ज्ञान आणि किल्ली म्हणजे कष्ट," शिक्षिका म्हणाल्या. मुलांनी माना डोलावल्या. मला कपाळावर हात मारावासा वाटला, पण हात आणू कुठून? अहो, ती किल्ली चांगली पितळेची होती! शेजारच्या शिंपीणबाईंकडे खिळ्याला टांगलेली असायची.

मला हे कसे ठाऊक, म्हणाल. माझा जन्म कारखान्यातला. एका चष्मेवाल्या कारागीर बाईंनी श्वास रोखून माझी पट्टी बसवली आणि मी इथे आलो. बातम्या, भाषणे, नाटके, सगळे मी ऐकले. पण खरी गंमत यायची ती प्रसारणाचा लाल दिवा विझल्यावर. मी बंद आहे असे समजून लोक माझ्यासमोर मन मोकळे करत. बंद असलो तरी कान का कुणी काढून ठेवतो?

आमच्या वाद्यवृंदात एक व्हायोलिनवादक होता. उंचीमुळे सगळे त्याला 'शिडी' म्हणत. नव्या पुलाच्या उद्घाटनासाठी शहराचे गाणे हवे होते. त्याने ते लिहिले आणि चालही लावली. त्याची बायको मात्र दूर डोंगरातल्या गावी राहत होती. कितीदा बोलावले तरी ती येईना.

"ती म्हणते, शहरात माणूस मेला तरी शेजाऱ्याला पत्ता नसतो," एकदा तो ध्वनिमुद्रण करणाऱ्या काकांना म्हणाला. "खोलीची किल्ली शेजारच्या शिंपीणबाईंकडे ठेवतो, न जाणो, ती आलीच तर! या सुट्टीत शेवटचं विचारतो. नाही म्हणाली तर व्हायोलिन गुंडाळून मीच गावी जातो. शहराचं कौतुक मी लिहायचं आणि मलाच इथं करमत नाही!"

"अरे, मग गाण्यातच बोलाव की तिला."

"काहीतरीच काय काका! पुलाच्या गाण्यात बायको?"

ध्वनिमुद्रणाच्या दिवशी गायिकाबाईंना यायला उशीर झाला. काकांना एका तबकडीवर मुद्रण करून आवाजाची पातळी बघायची होती. ते म्हणाले, "शिडी, तूच म्हण रे तोवर." तो माझ्यासमोर उभा राहिला. आवाज साधाच, थोडा घोगरा. गाणे संपले आणि डोळे मिटून त्याने ते जास्तीचे कडवे म्हटले. माझी पट्टी तेव्हा जशी थरथरली, तशी आयुष्यात कधी थरथरली नाही. मला अगदी भरून आले.

मग बाई आल्या आणि सुरेख गायल्या. आता काकांची एक सवय ऐका. पसंत पडलेली तबकडी ते नेहमी ढिगात सगळ्यात खाली ठेवत, म्हणजे तिच्यावर चहा सांडायला नको. पण त्या दिवशी बाईंना आपलेच गाणे पुन्हा ऐकायचा मोह झाला. त्यांनी खालची तबकडी काढून ऐकली, खूश झाल्या आणि परत ठेवताना वर ठेवली. काकांनी सवयीप्रमाणे खालची उचलली आणि प्रसारणाला दिली.

उद्घाटनाच्या सकाळी रेडिओवरून आणि पुलावरच्या कर्ण्यांतून अख्ख्या शहराने शिडीचा आवाज ऐकला.

काय गहजब झाला म्हणता! "मी काय इथं गुळण्या करायला आले होते?" बाई कडाडल्या. काका तोंड लपवत फिरू लागले. संध्याकाळी चूक सुधारायला बाईंची तबकडी लावली, तर टेलिफोन थांबेनात. "ही नको, खिडकीवाली लावा!" लोक म्हणत. शहरात नवा आलेला प्रत्येक माणूस ते कडवे आपलेच समजत होता.

आठवड्याभरात गाणे तोंडोतोंडी झाले. शिडी मात्र रडकुंडीला आला. "घरचं गाऱ्हाणं गावभर झालं, काका. आता ती जन्मात येत नाही." त्याने व्हायोलिन पेटीत घातले आणि कड्या लावल्या.

तेवढ्यात दार ढकलून एक ठेंगणी बाई आत आली. हातात बोचके, कपाळावर आठ्या.

"अहो, गावच्या रेडिओवर ऐकलं मी! सगळ्या जगासमोर हाक मारायला लाज नाही वाटली?"

शिडीने पुढे होऊन तिच्या हातातले बोचके घेतले. म्हणाला, "तू... एकटी आलीस? वाट कशी सापडली?"

"विचारत विचारत. तुमच्या शहरात वाट विचारली की लोक आधी ते गाणं म्हणून दाखवतात आणि मग वाट सांगतात. ते कडवं माझ्यासाठीच आहे म्हटलं, तर एक बाई मलाच समजावते, 'अहो, खिडकी म्हणजे मन!'" ती हसू लागली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. "शेवटी एक म्हातारा मला हाताला धरून इथवर सोडून गेला. म्हणाला, 'मीही नवा होतो कधीतरी.' तेव्हा वाटलं, राहून बघावं."

काकांनी गुपचूप माझी कळ बंद केली. कान मात्र माझे उघडेच होते. पेटीच्या कड्या पुन्हा उघडल्या, ते मी ऐकले.

मित्रांनो, माझ्या काचेवरची धूळ पुसली नाहीत तरी माझी तक्रार नाही. गाणे तुमचेच आहे, खुशाल म्हणा. पण तुमच्या गल्लीत, तुमच्या वर्गात कुणी नवे माणूस बावरून उभे असेल, तर त्याला आधी वाट सांगा. गाणे मग म्हणा.