उताणी चांदणी

मिस्त्री लेकीच्या घरी आले ते बायकोला परत न्यायला. निदान विचारणाऱ्याला ते असंच सांगत. नात झाली म्हणून बाई पाच महिन्यांपूर्वी विमानात बसल्या आणि तिकडच्याच होऊन बसल्या. मागे मिस्त्री इतके दिवस स्वतःच्या हातचं जेवले, की शेवटी त्यांनी हात टेकले.

"आठ दिवसांचं तिकीट आहे. तुला घेतो आणि निघतो," त्यांनी फोनवर बजावलं.

"या तर खरे," बाई म्हणाल्या.

लेकीशी त्यांचा सहा वर्षं अबोला होता. पोरगी नर्सची नोकरी धरून परदेशी गेली, आणि तिथे दवाखान्यात एक्स-रे काढणाऱ्या मुलाशी लग्न करून मोकळी झाली. परका मुलूख, परका धर्म, हे तर होतंच. पण मिस्त्रींना खरं लागलं ते वेगळंच. तिने त्यांना विचारलं नाही, नुसतं कळवलं. तेव्हा भर बैठकीत ते म्हणाले होते, "एक फरशी फुटली, काढून टाकली. विषय संपला." बेचाळीस वर्षं फरश्या बसवलेल्या माणसाला राग आला तरी तो फरशीतूनच बोलणार. पुढे नातेवाईक ते वाक्य मजेने सांगत फिरले आणि मिस्त्री आपल्याच वाक्यात अडकून बसले. मागे फिरायची वाटच ठेवली नव्हती त्यांनी.

तेव्हा लेकीच्या घरात राहायचं, तिच्या हातचं खायचं, पण तिच्याशी बोलायचं नाही, असा अजब कारभार सुरू झाला.

"तिला सांग, चहात साखर कमी."

"आई, त्यांना विचार, आंघोळीला पाणी काढू का?"

"तिला सांग, काढ म्हणावं."

दोन दिवस बाईंनी निमूटपणे निरोप पोचवले. तिसऱ्या दिवशी मात्र नातीला मांडीवर थोपटता थोपटता त्या कडाडल्या, "मी आजी म्हणून आलेय का टपाल खात्यात लागलेय? एका खोलीत बसलाय दोघं, हाताच्या अंतरावर!"

बाप-लेकीने एकदमच खिडकीबाहेर बघितलं. तेवढ्यापुरतं त्यांचं एकमत होतं.

राहता राहिले व्याही. उंच, किंचित वाकलेले, पांढऱ्या दाढीचे, आणि बोटांच्या पेरांत मुरलेली पांढरी पूड. पहिल्या दिवशी त्यांनी छातीवर हात ठेवून मान लववली, मग मिस्त्रींचा हात हातात घेतला आणि तो सोडेचनात. उलटा करून तळवा बघितला, अंगठ्याचा घट्टा चाचपला आणि खुशीत मान डोलावली. मग आपला तळवा पुढे केला. तिथेही तसाच घट्टा. मिस्त्रींना आतून बरं वाटलं, पण एवढ्यात बरं वाटून घ्यायचं नाही म्हणून ते खाकरले.

चौथ्या दिवशी व्याही सगळ्यांना जवळची जुनी मशीद दाखवायला घेऊन गेले. मिस्त्री यापूर्वी कधी मशिदीत गेले नव्हते. गावात असताना बाहेरून हजारदा गेले असतील, आत नाही. आपल्याला आत घेतात का, कुठे उभं राहायचं, काय बोलायचं नाही, नाना शंका. त्यात जोडे काढल्यावर लक्षात आलं, की मोज्यातून अंगठा बाहेर डोकावतोय. तो दुमडत दुमडत ते उंबरठा ओलांडून आत गेले आणि अंगठ्यासकट सगळं विसरले.

मोठं चौकोनी अंगण. चारी बाजूंनी कमानी, आणि कमानींच्या आत सावली, उन्हातून आल्यावर कपाळावर ओला हात ठेवावा तशी. मध्ये पाण्याचं कारंजं, अगदी हळू वाहणारं. कुठे मूर्ती नाही, चित्र नाही. आणि भिंतींवर कमरेपर्यंत चांदण्याच चांदण्या. निळ्या, हिरव्या, पांढऱ्या, नखाएवढ्या तुकड्यांच्या. एका चांदणीच्या टोकातून दुसरी निघालेली, दुसरीतून तिसरी. त्यांच्यावर दगडात कोरलेली अक्षरं वेलीसारखी पुढे गेलेली. एक म्हातारा खांबाला टेकून डुलकी काढत होता, दोन पोरी पाण्यात बोटं बुडवत होत्या. कुणी कुणाला हटकत नव्हतं. एवढी शांत जागा असेल असं मिस्त्रींना वाटलं नव्हतं, आणि आपल्याला का वाटलं नव्हतं याची त्यांना थोडी लाजही वाटली.

पण मिस्त्री ते मिस्त्रीच. पाचव्या मिनिटाला ते चांदणीकडे बघायचं सोडून कोपरा बघायला लागले.

फरशीवाल्याचं पाप कोपऱ्यात असतं. दारातून दिसते ती पहिली ओळ अख्ख्या फरश्यांची लावायची, आणि उरेल तो कापलेला तुकडा ढकलायचा कपाटामागे, पलंगाखाली, संडासाच्या दाराआड. भलेभले तेच करतात. तेव्हा इथेही कुठेतरी अर्धी चांदणी असणारच. मिस्त्री एका कोपऱ्यात वाकले. सापडली नाही. दुसऱ्या कोपऱ्यात उकिडवे बसले. तिसऱ्यात सरळ गुडघ्यांवर आले.

पाहुण्याचं काहीतरी हरवलंय असं वाटून डुलकीवाला म्हातारा उठला आणि तोही शोधायला लागला. मग झाडूवाला आला. मग एक दुकानदारासारखा गृहस्थ खिशातून बॅटरी काढून खांबामागे उजेड पाडू लागला. काय हरवलंय ते कुणालाच माहीत नव्हतं, पण शोधत होते सगळे जिवापाड.

"बाबा काय शोधतायत, विचार ना," लेक हसू दाबत आईला म्हणाली.

"तिला सांग," मिस्त्री गुडघ्यांवरूनच म्हणाले, "कापलेला तुकडा शोधतोय. इथे एकही कापलेला तुकडा नाही. हे शक्य नाही."

लेकीने ते व्याह्यांना सांगितलं. व्याही आधी पोट धरून हसले, ते ऐकून बॅटरीवालाही हसला, आणि मग व्याही मिस्त्रींच्या शेजारीच जमिनीवर बसले. बोटाने धुळीत एक चौकोन काढला, त्याच्या मधोमध टिंब, टिंबाभोवती वर्तुळ. चौकोनाच्या बाजूवर बोटाच्या मापाने खुणा केल्या. मिस्त्रींना भाषांतर लागलं नाही. आधी अख्खी भिंत मोजायची, आणि त्या मापात बसेल एवढीच चांदणी ठरवायची. कोपरा शेवटी उरतच नाही, कारण त्याचा विचार पहिल्या दिवशीच केलेला असतो.

"बेचाळीस वर्षं," मिस्त्री स्वतःशीच म्हणाले. "बेचाळीस वर्षं मी तुकडे लपवतोय."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते न बोलावता व्याह्यांच्या कारखान्यात हजर झाले. कारखाना म्हणजे घरामागची एक लांबट खोली. मशिदीत हातपाय धुण्याच्या जागेची भिंत ओलीने सोलली होती, तिथला चांदण्यांचा नवा पट्टा व्याही बनवत होते. शुक्रवारच्या नमाजाआधी तो बसायला हवा होता. त्यांचा जोडीदार तापाने झोपला होता. मिस्त्रींनी बाह्या सावरल्या.

अडचण एकच. बाई घरी नातीला न्हाऊमाखू घालत होत्या, आणि भाषांतराला लेक आली होती एकटीच. मिस्त्रींनी क्षणभर छताकडे बघितलं. मग ठरवलं, हे कामाचं बोलणं आहे, हे अबोल्यात धरायचं नाही.

"विचार त्यांना," ते भिंतीला उद्देशून म्हणाले, "सुरुवात कुठून?"

लेक थबकली. सहा वर्षांनी पहिले शब्द, तेही फरशीबद्दल. पण तिने आवाज शांत ठेवून विचारलं.

इथलं काम उलटं होतं, अगदी शब्दशः. जमिनीवर लाकडी पट्ट्यांची चौकट आखलेली, आणि तिच्यात तुकडे मांडायचे ते उपडे. रंगाची बाजू जमिनीकडे, वर दिसते ती नुसती भाजलेली माती. सगळे तुकडे सारखेच तांबूस. निळा कुठला, हिरवा कुठला, हे रंगवार लावलेल्या ढिगांवरून आणि डोक्यातल्या नकाशावरून ओळखायचं. सगळं मांडून झालं की मागून प्लास्टर ओतायचं आणि सुकल्यावर चौकट उभी करायची. आपण काय केलं, ते कारागिराला तेव्हाच दिसायचं.

"न बघता?" मिस्त्री हबकले. "विचार, मध्येच चुकलं तर?"

लेकीने विचारलं. व्याह्यांनी खांदे उडवले.

"म्हणतात, भरवसा ठेवायचा," लेक म्हणाली.

मिस्त्रींच्या धंद्यात भरवसा नावाचं हत्यार नव्हतं. लेव्हल होती, गुण्या होता, ताणलेला दोरा होता. तरी दोन दिवस ते मान मोडून तुकडे लावत राहिले, आणि हात व्याह्यांच्या हाताच्या तालावर चालू लागला. दुपारी दोघं भिंतीला टेकून मुकाट चहा प्यायचे. लेक मध्ये बसायची, आणि भाषांतराला काहीच नसायचं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेवटचा तुकडा बसला. व्याही कोपऱ्यात प्लास्टर कालवायला वळले. आणि तेवढ्यात मिस्त्रींच्या मनात किडा वळवळला. मधली मोठी, एकाच तुकड्याची चांदणी त्यांनीच ठेवली होती. निळ्याच ढिगातून घेतली होती ना? की हिरव्या? सगळ्या पट्ट्याचा जीव त्या चांदणीत. बघायला काय हरकत आहे? त्यांनी नखाने ती अलगद उचलली. निळीच होती.

"बाबा, सरका!" लेक ओरडली. प्लास्टर पटकन धरतं म्हणून व्याही पातेलं घेऊन लगबगीने येत होते. मिस्त्रींनी घाईघाईत चांदणी जागेवर टाकली आणि बाजूला झाले. पांढरा लगदा पहिल्यांदा मधोमधच पडला.

सकाळी जावई, व्याही आणि मिस्त्री अशा तिघांनी मिळून चौकट उभी केली. बाई नातीला घेऊन दारात उभ्या होत्या. निळं, हिरवं, पांढरं, सगळं जागच्या जागी, धुतल्यासारखं लख्ख. आणि बरोबर मधोमध, निळ्या चांदणीच्या जागी, ओबडधोबड मातीची पाठ.

मिस्त्रींना क्षणात कळलं. बेचाळीस वर्षांची सवय. घाईत हाताने फरशी ठेवली ती रंगाची बाजू वर करूनच ठेवली. सगळे तुकडे उपडे आणि ही एकटी उताणी.

व्याही पुढे आले. त्यांनी मातीवरून बोट फिरवलं, डोळे बारीक केले, आणि खालच्या आवाजात काहीतरी म्हणाले. जावयाने त्यांचा दंड धरला.

"काय म्हणाले?" मिस्त्रींनी विचारलं.

"म्हणतात, नजर गेली. प्लास्टर ओतताना समोरचं निळं दिसलं नाही म्हणजे आता थांबायला हवं. शुक्रवारनंतर हत्यारं कुणाला तरी देऊन टाकतो म्हणतात."

मिस्त्री उभ्या जागी घामाघूम झाले. कुणीही बघितलं नव्हतं. गप्प बसले असते तर जन्मात कळलं नसतं. आणि चूक कबूल करणं त्यांना आयुष्यात जमलं नव्हतं. गिऱ्हाइकासमोर त्यांनी प्रत्येक वेळी सिमेंटला, पाण्याला, वायरमनला दोष दिलेला. पण तो पांढरी पूड मुरलेला हात हवेत तसाच राहिलेला बघून त्यांना राहवलं नाही.

"सांग त्यांना," ते म्हणाले. "त्यांची नजर ठणठणीत आहे. माझ्या हातून झालं. भरवसा बसला नाही म्हणून उचलून बघितली, आणि उलटी ठेवली. सांग लवकर."

लेकीने सांगितलं. व्याह्यांनी मिस्त्रींकडे बघितलं. चेहऱ्यावर राग नव्हता, उलट सुटल्यासारखे ते हसले, आणि चौकटीकडे हात करून काहीतरी विचारलं.

"विचारतायत, आता कसं करायचं?"

हे मात्र मिस्त्रींचं राज्य होतं. फुटकी फरशी शेजारच्या फरशीला ओरखडा न येता काढावी तर त्यांनीच, असं गावात नाव होतं. त्यांनी पिशवीतून आपली बारीक छन्नी काढली. बायकोला न्यायला आलेल्या माणसाने छन्नी कशाला आणली होती, हे बाईंनी विचारलं नाही.

ते चौकटीसमोर बसले. टक, टक, टक. कडेचं प्लास्टर रवा रवा होऊन पडायला लागलं. शेजारच्या पांढऱ्या तुकड्यांना धक्का लागू नये म्हणून व्याह्यांनी आपली बोटं त्यांच्यावर दाबून धरली. लेक शेजारी पाण्याचं भांडं घेऊन बसली. अर्ध्या तासाने चांदणी हलली, आणि अख्खीच्या अख्खी मिस्त्रींच्या तळहातावर आली.

व्याह्यांनी ढिगातून नवी निळी चांदणी पुढे केली. मिस्त्रींनी ती घेतली नाही. हातातली त्यांनी पाण्यात बुडवली, अंगठ्याने चोळली. झिलईला प्लास्टर धरत नाही, ते सालासारखं सुटून आलं. खाली निळा रंग होता तसा होता. टवका नाही, चरा नाही. त्यांनी ती उजेडाला धरली. सहा वर्षांपूर्वीची ती बैठक त्यांना आठवली, आणि ऐटीत टाकलेलं ते वाक्य.

"यात काहीच खोट नव्हती," ते म्हणाले. "फुटलेली नव्हतीच ही. ठेवणाऱ्याचं चुकलं. उगाच काढून टाकली असती आपण."

लेकीने नेहमीसारखं व्याह्यांकडे तोंड वळवलं. "काय सांगू त्यांना?"

"त्यांना नाही," मिस्त्री म्हणाले. "तुला सांगतोय, ठके."

लहानपणच्या त्या नावाने सहा वर्षांत तिला कुणी हाक मारली नव्हती. तिच्या हातातलं भांडं हिंदकळून पाणी बापाच्या गुडघ्यावर सांडलं. दारात बाईंनी नातीच्या डोक्यावर पदर घेण्याचं निमित्त करून तो आपल्याच डोळ्यांना लावला. व्याही शेजारच्या तुकड्यांवर बोटं दाबून तसेच बसले होते, आणि आळीपाळीने दोघांच्या तोंडाकडे बघत भाषांतराची वाट बघत होते.