एसाच्या दगडावरचं गाव

"लिही लवकर. सिमेंट काही तुझ्या सवडीनं वाळत नाही," ऑर्फा म्हणाली.

हॉलिस हातात खिळा घेऊन अंगणात उकिडवा बसला होता. समोर लाकडी चौकटीत ओतलेला ओला सिमेंटचा दगड. कडेनं ऑर्फानं शंख-शिंपले दाबून बसवले होते. संगमरवर घेणारे लोक वेगळे. केपवरच्या, त्या भूशिरावरच्या माणसांनी आपल्या मेलेल्यांचे दगड नेहमी घरीच ओतले. हॉलिसनं बापाचं नाव असं काढलं होतं की छापखान्यानं लाजावं. एसा टिल्मन. तिथे खिळा थांबला.

"पुढे काय लिहू?"

"पुढे काय? कॅनाव्हरल."

"आई, ते नाव आता नाही."

"बापाला सांग जाऊन. तो जन्मला तेव्हा होतं."

हॉलिस रॉकेटच्या तळावर पाट्या रंगवायचा. नोव्हेंबरात राष्ट्राध्यक्षांना गोळी घातली, आणि आठवडाभरात नव्या राष्ट्राध्यक्षांनी फर्मान काढलं: तळालाही गेलेल्या राष्ट्राध्यक्षांचं नाव, आणि अख्ख्या भूशिरालाही. केप कॅनाव्हरलचं झालं केप केनेडी. केपच्या माणसांना विचारायला कुणी आलं नाही. सगळा हिवाळा हॉलिसनं जुन्या पाट्यांवर पांढरा रंग मारला आणि वर नवं नाव काढलं. फार सुरेख काढलं. तेच ऑर्फाला जास्त खुपायचं.

गोळी घातली त्या दिवशी ती स्वतः ओक्साबोक्शी रडली होती. त्या देखण्या माणसाचा फोटो तिच्या चुलीवर टांगलेला होता आणि मासे तळून तळून पिवळा पडला होता. "त्याच्या नावानं शाळा काढा, पूल बांधा," ती येईल त्याला सांगायची. "मेल्या माणसाचं बारसं करायला जित्या गावाचं नाव कशाला पुसता? स्वतःच्या खिशातलं द्या की काहीतरी!"

"माझी चार पोरं त्या पगारावर जगतात," हॉलिस खाली बघत म्हणाला. "उद्या कुणी अक्षर ओळखलं तर?"

"जगव की. पाटीवर त्यांचं लिही, मी कधी नाही म्हटलं? ही पाटी नाही."

हॉलिसनं खिळा खाली ठेवला. पदर खोचावा तसा ऑर्फानं एप्रन कमरेला कसला, गुडघे टेकले आणि खिळा उचलला. शाळा तिनं पाहिली होती ती लांबून. मासा साफ करताना सुरी चालते तशी तिनं एकेक रेघ ओढली. तिची अक्षरं वाळूवर खेकडे पळावेत तशी वरच्या अंगाला चढत गेली. पण निघाली.

"वाकडं झालं," हॉलिस म्हणाला.

"तुझा बापही सरळ कुठे चालायचा?"

*

दर वसंतात केपची कुटुंबं थडगी साफ करायला जात. कुदळीनं गवताची काडी न् काडी खरवडायची, पांढऱ्या वाळूची नीट रास घालायची, आणि मग तिथेच चादर पसरून मेलेल्यांसोबत जेवायचं. सरकारनं केप घेतलं तेव्हा घरं गेली, पेरूच्या बागा गेल्या, जाळी वाळवायच्या जागा गेल्या. थडगी तेवढी राहिली, कारण ती हलवण्याची कटकट कुणाला नको होती. तेव्हापासून कुंपणाच्या आत जायचं तर परवानगीनं, वर्षातून एकदा, सोबत शिपाई घेऊन. एसाला हिवाळ्यात पुरलं तेही परवानगी काढूनच. स्वतःच्याच परसात पाहुणा झाला बिचारा.

त्या सकाळी थेरॉन येट्सच्या ट्रकमध्ये मागे गोधडीखाली दगड ठेवला होता. थेरॉन शेजारचा म्हातारा; त्याची बायको एसाच्या शेजारीच पुरलेली. मागे आणखी दोन-तीन गाड्या, कुदळी, फावडी, झाकलेली भांडी.

फाटकावरचा लेफ्टनंट नवा होता, ओहायोकडचा. शर्टाला इतकी इस्त्री, की डासही बसायला बिचकेल. त्यानं गोधडी उचलली, वाचलं, आणि पुन्हा झाकली.

"बाई, हा आत जाणार नाही."

"का? त्याला पासपोर्ट लागतो?"

"आत जे लावायचं त्यावर अधिकृत नाव हवं. या जागेचं हे नाव नाही."

असा नियम कुठे लिहिलेला नव्हता. पण नवा साहेब नियम शोधत नाही, घडवतो. ऑर्फा ट्रकमधून खाली उतरली.

"पोरा, हे नाव स्पेनच्या खलाशांनी ठेवलं. इथे बोरूचं रान माजलं होतं म्हणून. चारशे वर्षं होऊन गेली म्हणतात. तेव्हा तुझं ओहायो कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. त्याआधी इथे जे राहायचे, ते काय म्हणायचे ते कुणी विचारलंच नाही, आणि आता सांगायला त्यांतलं कुणी उरलं नाही. म्हणून तर सांगते, नाव एकदा गेलं की विचारायला माणूस सापडत नाही. आणि तुम्ही? आयत्या बिळावर नागोबा!"

"बाई, माझ्या हातात काही नाही."

"फाटक आहे की."

थेरॉननं मान खाली घालून हसू लपवलं. ऑर्फानं ट्रकमधून स्वयंपाकघरातली खुर्ची काढायला लावली आणि ती फाटकाच्या मधोमध मांडली. पुढे चादर पसरली. धुरावलेले मलेट मासे, मक्याची भाकर, पामच्या कोवळ्या गाभ्याची भाजी, पेरूचा मुरंबा. "दुपारी मेलेल्यांसोबत जेवायचं असतं," ती म्हणाली. "ते आत, आम्ही बाहेर. मध्ये तू. घेतोस का मासा?"

बघता बघता मागे गाड्यांची रांग लागली. रॉकेटवाले, पांढऱ्या शर्टाचे, खिशात पेनं खोचलेले. कुणी घड्याळ बघत होतं, कुणी माशाच्या वासानं नाक वर करत होतं. लेफ्टनंटचे कान लाल झाले. त्यानं फोन फिरवला आणि पाट्या रंगवणाऱ्याला बोलावून घेतलं.

तो पाट्या रंगवणारा तळाच्या ट्रकमधून उतरला, तेव्हा ऑर्फानं भाकरीचा तुकडा तोडला आणि वर पाहिलं नाही.

"हा शब्द पुसून टाक," लेफ्टनंट म्हणाला. "वर बरोबर नाव घाल. मग सगळ्यांना आत सोडतो. पाच मिनिटांचं काम."

हा बाईचा मुलगा आहे हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि कुणी सांगितलंही नाही.

थेरॉन खुर्चीजवळ वाकला. "ऑर्फा, पुसू दे गं. रंग काय, पावसात जाईल. माझी मेरी आत वाट बघतेय."

"तुझी मेरी कधी वेळेवर तयार झाली होती? थांबेल." मग आवाज उतरवून ती म्हणाली, "तुला मी अडवत नाही, थेरॉन. तू जा आत. दगड माझा आहे."

हॉलिसनं दगडावरची गोधडी बाजूला सारली. दोन डबे खाली ठेवले, पांढरा आणि काळा. लेफ्टनंटनं बुटाच्या टोकानं पांढरा दाखवला.

"ब्रश नीट धर," ऑर्फा चादरीकडे बघत म्हणाली. "बापाच्या नावावर थेंब पडू देऊ नकोस." आवाज कोरडा होता, पण भाकर तिच्या हातातच राहिली.

हॉलिस बराच वेळ वाकलेला होता. त्यानं काळा डबा उघडला. बारीक ब्रशानं त्यानं आईनं कोरलेलं एकेक अक्षर भरलं. चढलेलं तसंच चढलेलं ठेवलं, एकही रेघ सरळ केली नाही. शेवटचं अक्षर भरून त्यानं ब्रश पुसला.

"हे काय केलंस?" लेफ्टनंट ओरडला.

"लांबून वाचता येत नव्हतं, सर."

त्यानं छातीवरचा बिल्ला काढला आणि फाटकाच्या खांबावर ठेवला, लेफ्टनंटनं मागायच्या आत.

ऑर्फा खुर्चीतून उठली. "ताट घे," ती लेकाला म्हणाली. "सकाळपासून काही खाल्लेलं दिसत नाही." तिनं स्वतः त्याला वाढलं, माशातला काटा काढून.

लेफ्टनंटनं शेवटी माणसांना आत सोडलं, दगडाला नाही. थेरॉन कुजबुजला, "गोधडीत गुंडाळून नेऊ? आतला शिपाई ओळखीचा आहे."

"चोरून? एसानं जन्मात कुणाचं जाळं चोरलं नाही, आणि आता स्वतःचं नाव चोरून नेऊ? जा तू. त्याचं गवत मुळासकट काढ. डोक्याच्या बाजूला वाळू जास्त घाल, त्याला उंच उशी लागायची."

गाड्या आत गेल्या. ऑर्फानं जाणाऱ्या धुळीकडे पाहिलं. तिला आत जाता आलं असतं, रिकाम्या हातांनी. ती गेली नाही.

"आई," हॉलिस म्हणाला, "बाबा बिनदगडाचे राहिले."

"फावडं आण."

रस्त्यापलीकडे, कुंपणाच्या बाहेर, पाल्मेटोच्या झुडपांत एक मोकळा तुकडा होता. तो कुणाचा ते लेफ्टनंटलाही माहीत नव्हतं. त्यानं तिकडे पाठ केली. मायलेकांनी दगड तिथे उभा केला. ऑर्फानं बाजूची पांढरी वाळू ओंजळीनं आणून पुढे माणसाच्या लांबीची रास घातली, कडा तळहातानं थापून घेतल्या. डास चावत होते. तिनं एकही मारला नाही.

संध्याकाळी पाळी सुटली तशी तळावरची गाडी न् गाडी त्याच रस्त्यानं निघाली. एक पांढऱ्या शर्टाचा माणूस दगडाशी थांबला. खाली उतरला, टोपी काढली.

"कधी गेले?"

"या हिवाळ्यात."

"नवरा?"

"हो."

त्यानं वाकून दगडावरचं सगळं मोठ्यानं वाचलं, नाव आणि गाव. मग टोपी छातीशी धरून तो वाळूच्या राशीपुढे उभा राहिला. मागच्या गाडीतलाही एक जण उतरला.

खाली कुणी नाही, हे ऑर्फानं त्यांना सांगितलं नाही.