बाणाविना टणत्कार

आमच्या निशिकांतला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, काहीही विचारा, तो आधी त्याचे प्रकार सांगतो. चहाचे प्रकार, विम्याचे प्रकार, साहेबांचे प्रकार. इथे परदेशात, तांजोंग पगार भागातल्या एका बँकेत प्रोजेक्ट मॅनेजर आहे. दिवसभर लोकांना स्लाइड दाखवतो आणि घरी आला तरी त्याच्या स्लाइड संपलेल्या नसतात. त्यामुळे आमची लेक इरा बिशानच्या एका क्लबात तिरंदाजी शिकायला लागली, तेव्हा घरात धनुष्य यायच्या आधी धनुष्यांचे प्रकार आले. ऐकून ऐकून मलाही पाठ झाले.

"लाँगबो म्हणजे नुसती लांब काठी," हातात बटाटेवडा धरून हा पाहुण्यांना सांगायचा. "वाकवली, दोरी बांधली, झालं. रिकर्व्हची टोकं पुढे वळलेली असतात, म्हणून तेवढ्याच लांबीत जास्त जोर साठतो. आणि कंपाउंडला चाकं! दोरी पूर्ण मागे आली की चाकं फिरून बरंचसं वजन आपल्यावर घेतात. मग निवांत नेम धरा."

हे सगळं खरं होतं बरं का. फक्त या माणसानं जन्मात एकही बाण सोडला नव्हता.

इराला तो कंपाउंडच घेणार होता. चाकं आहेत म्हणजे वस्तू भारी, असा त्याचा हिशेब. शेवटी कोच लिम यांनी सांगितलं की आमची ज्युनियर टीम रिकर्व्हवरच खेळते, तेव्हा कुठे स्वारी गप्प झाली. चौदा वर्षांची पोर ती, पण दोन वर्षं क्लबच्या धनुष्यावर शिकली, खांदे भरून आले तरी कधी कुरकुरली नाही, आणि मग तिला स्वतःचं रिकर्व्ह मिळालं. ते ती मला पुसायलाही देत नसे.

दोन हजार सतराचा दसरा शनिवारी आला. रविवारी सकाळी टीमची निवड होती. चार जागा, अकरा मुलं, आणि वर्षभराच्या गुणांवर कोचच्या यादीत इराचं नाव तिसरं. आठवडाभर पोरीला दुसरं काही सुचत नव्हतं.

एरवी आमच्या शस्त्रपूजेला दोन लॅपटॉप, मिक्सर आणि कपाटाबरोबर फुकट आलेला स्क्रूड्रायव्हर असतो. यंदा घरात खरंखुरं शस्त्र! निशिकांतला आभाळ ठेंगणं झालं. त्यानं धनुष्याला दोरी चढवून घेतली, चौरंगावर मांडलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली आणि पाहुण्यांची वाट बघत बसला. खालच्या मजल्यावरचे श्रीनिवास भाऊजी आले. त्यांनी नमस्कार केला आणि नको ते बोलले.

"निशिकांतराव, होऊन जाऊ दे एक टणत्कार!"

झालं. यानं माळ काढली आणि धनुष्य उचललं. इरा स्वयंपाकघरातून धावत आली. "बाबा, कॅनॉट लाह! ॲरो नसताना रिलीज नाही करायचं! सगळी एनर्जी ॲरो घेऊन जातो. तो नसेल तर ती बोमध्येच परत येते!"

एवढ्याशा पोरीनं नेमकी गोष्ट सांगितली. ती बाबाच्या एकाही स्लाइडवर नव्हती.

"अगं, पुराणातले वीर काय बाण लावून टणत्कार करायचे?" असं म्हणत यानं दोरी थेट कानापर्यंत ओढली आणि दिली सोडून.

टणत्कार कसला डोंबलाचा! काडकन आवाज झाला. धनुष्याचं वरचं पातं उभं चिरलं आणि त्याची एक ढलपी उडून श्रीखंडात पडली.

"मॅन्युफॅक्चरिंग डिफेक्ट," निशिकांत म्हणाला. श्रीनिवास भाऊजींनी चमच्यानं ढलपी काढली आणि कडेकडेचं श्रीखंड वाढून घेतलं. इरा रडली नाही. तिनं तुकडे गोळा करून पेटीत ठेवले आणि खोलीचं दार लावून घेतलं. पाहुणे जाताच मी या माणसाला अर्धा तास सोलून काढलं.

सकाळी आम्ही तिघं क्लबात गेलो. तिथलं एखादं जुनं धनुष्य मिळेल, या आशेवर इरा होती, आणि ते मिळालंही असतं. पण कोच लिम यांनी चिरलेलं पातं उलटसुलट बघितलं आणि विचारलं, "बाणाशिवाय कोणी सोडलं?" भिंतीवर त्यांचा नियम मोठ्या अक्षरांत लावलेला होता. बाण न लावता दोरी सोडणाऱ्याला वर्षभर मैदानात पाय ठेवता येणार नाही. अशा ढलपीनं कोणाचा तरी डोळा जाऊ शकतो, म्हणून.

निशिकांतला एकच वाक्य बोलायचं होतं. "मी सोडलं." पण आजूबाजूला पाचसहा पालक उभे होते, त्यातला एक त्याच्याच ऑफिसातला. निशिकांत हसला, इराच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "किड्स, यू नो."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. आणि मी काय केलं? चारचौघांत नवऱ्याची शोभा नको म्हणून मूग गिळून उभी राहिले. घरी गेल्यावर बघते याच्याकडे, असं मनात म्हटलं. इरानं बाबाकडे बघितलंच नाही. ती माझ्याकडे बघत होती. मी माझ्या चपलांकडे बघितलं.

"तू सोडलंस?" कोचनी तिला विचारलं. तिनं पातं त्यांच्या हातून घेऊन पेटीत ठेवलं. त्यांनी यादीतलं तिसरं नाव खोडलं. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

सेरंगूनला घरी परत येताना एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, निशिकांतनं सुरू केलं, की या खेळाला तसा फारसा स्कोप नाही, त्यापेक्षा बॅडमिंटन बरं, रॅकेटचे मुख्य तीन प्रकार असतात. मग मात्र माझा तोल गेला. खोटारड्या, भित्र्या, पोटच्या पोरीच्या आड लपतोस? शेजारचे आजोबा उठून दुसरीकडे जाऊन बसले, तरी मी थांबले नाही.

इरा एरवी आम्हाला इंग्रजीत उत्तरं देते. या वेळी ती स्वच्छ मराठीत म्हणाली, "आई, इथे कोणाला सांगतेस? कोच तिकडे होते."