न बोललेला आकडा

सुप्याच्या पलीकडं माळावर खडीची खाण आहे. तिथं लाल झेंडा धरायला माणूस हवं असं कानावर आलं, आणि म्हाळसा सकाळीच जाऊन उभी राहिली. मेंढरं विकून दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून टेम्पोत दाटीवाटीनं उभं राहून बागायती गावांत खुरपायला जायचं, आणि बोलावणं नसलं की घरी बसायचं, असं चाललं होतं. खाणीचं काम बारमाही, घरापासून चालत जाण्याजोगं. तिला ते हवंच होतं.

सुरुंगाचं काम बघणारे सर्जेराव मिस्त्री तिच्याकडं बघत म्हणाले, "आदी काय केलंय?"

"मेंढरं राखली."

"हितं दगडं राखायची हायत. ती पळत न्हायत, उडत्यात." मिस्त्रींच्या तोंडावर हसू नव्हतं. "तुज्या आदी दोघी आल्या आन् गेल्या. एकीनं वळखीची गाडी सोडली, दुसरी मोबाइलवर बोलत बसली. आजचा दिवस बगतो. जमलं तर उद्या नाव लावीन, न्हाय तर राम राम."

काम ऐकायला सोपं होतं. दुपारी भोंगा वाजला की रस्त्यावर झेंडा आडवा धरायचा, कुणालाही पुढं सोडायचं नाही. आणि सुरुंग मोजायचे. मिस्त्री वाती पेटवून आडोशाला जात आणि तिथून मोजत. झेंडेवालीनं रस्त्यावरून मोजायचं. आज बारा भोकं सुरुंगाच्या दारूनं भरली होती. दोघांचेही बारा आले तरच झेंडा खाली.

"मोजता येतं न्हवं?"

"तीनशे मेंढरं मोजत व्हते, मिस्त्री. ती बी चालती."

भोंगा वाजला. खडी फोडणारा क्रशर बंद झाला आणि माळ एकदम गप्प झाला. तेवढ्यात मोटारसायकलवर गावातले बागायतदार आप्पासाहेब आले. मागं विहिरीवरची मोटर बांधलेली.

"बाजूला हो गं. दोनला लाइट जाती, कांदा वाळतोय माजा."

"सुरुंग हाय, आप्पासाहेब."

"खाणीचा मालक माज्या वळखीचा हाय."

"सुरुंगाची वळख हाय का?"

आप्पासाहेब काही बोलणार तोच पहिला बार झाला. पायाखालची जमीन हलली. म्हाळसा मनात मोजू लागली. दोन. तीन. चार आणि पाच जोडून आले, पण तिनं ते वेगळे धरले. सहा, सात, आठ, नऊ, दहा. मग जरा वेळ गेला. अकरा. त्याच्या पाठोपाठ डोंगराकडून एक घुमारा आला, पण त्यानं जमीन हलली नाही. ती पायाच्या तळव्यानं वाट बघत राहिली. पुढं काही आलं नाही.

आडोशामागून मिस्त्री उठले. लांबून त्यांनी हाक दिली, "म्हाळसाबाई, झालं का समदं?"

म्हाळसा गप्प राहिली.

तिच्या घरात मोजायची रीतच तशी होती. मेंढरं काटेरी कुंपणाच्या वाड्यात शिरताना मनात मोजायची. शेवटचं आत आल्याशिवाय आकडा तोंडातून काढायचा नाही. अपुरा आकडा बोलला की तो अपुराच राहतो, असं सासरे सांगत. कुणी विचारलं, "आली का समदी?" आणि मोजणारा गप्प बसला, की मागं काहीतरी राहिलंय हे सगळ्यांना कळे. कुणीतरी न बोलता काठी उचलून माघारी फिरे.

पण मिस्त्री मेंढरं राखणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी हात हलवला आणि ते खाणीत उतरू लागले. त्यांची पिवळी टोपी काठाखाली अर्धी बुडाली, तेव्हा म्हाळसाच्या ध्यानात आलं. आपलं गप्प राहणं त्यांना होकार वाटलाय.

"मागं फिरा," ती ओरडली. "मिस्त्री, अकरा झालं. अकराच."

टोपी थांबली. क्षणभर हललीच नाही. मग वर आली.

मिस्त्री तरातरा रस्त्यापर्यंत आले. "इचारलं तवा दातखीळ बसलीवती का?"

"आमच्यात बोलत न्हायत. एक मागं असलं तर."

"मी बारा मोजलं."

"शेवटचा डोंगराचा व्हता. भुईला कळला न्हाय."

मिस्त्रींनी तिच्याकडं रोखून बघितलं. "एक राहिला असंल तर कवाबी उडंल. अर्धा तास थांबायला लागंल आता. मग मी बगतो. बाराही उडालं असतील तर तू आपल्या वाटंनं जा."

अर्धा तास सरता सरेना. मागं दोन डंपर येऊन उभे राहिले आणि हॉर्न वाजवू लागले. आप्पासाहेबांनी गाडी चालू केली. म्हाळसानं झेंड्याची काठी पुढच्या चाकात घातली.

"काठी काड. एका बाईच्या कानावर किती जणांनी थांबायचं?"

"तुमचं काय झालं तर तुमच्या मालकिणीला तोंड मलाच दाखवाय लागंल. बसा खाली."

ती बोलली खरी, पण आतून हलली होती. चार आणि पाच जोडून आले होते. तिथं तर तिसरा नव्हता ना दडलेला? तिनं पुन्हा पहिल्यापासून मनात मोजलं. अकरा. पुन्हा मोजलं. आता तिला स्वतःच्याच कानांचा भरवसा वाटेना.

वेळ भरल्यावर मिस्त्री एकटेच उतरले. बराच वेळ दिसले नाहीत. मग वर आले ते सावकाश, जपून पाऊल टाकत. रस्त्याकडेच्या दगडावर बसले. पाण्याच्या बाटलीचं झाकण त्यांना उघडेना. म्हाळसानं बाटली घेतली, उघडून दिली.

"वरच्या कोपऱ्यात हाय," ते पाणी पिऊन म्हणाले. "वात मधीच इझलीया. मी तितनंच उतरत व्हतो."

आप्पासाहेबांनी गाडी बंद केली. डंपरवाल्यांनीही इंजिनं बंद केली.

"शेजारी नवं भोक पाडून उडवाय लागंल. तवर झेंडा हालवू नगंस." मिस्त्री तिच्या पायांकडं बघत होते. अंगठ्याजवळ तुटलेली चप्पल तिनं तारेनं बांधली होती. "बूट किती नंबरचा लागतो?"

"कवा घातला न्हाय."

मिस्त्रींनी वाळक्या गवताची काडी उपटली, खाली वाकून टाचेपासून तिच्या पावलाशी धरली, अंगठ्यापाशी मोडली आणि शर्टाच्या खिशात ठेवली.